‘बाप पण उशिराच बोलला होता’

प्रश्न : माझा मुलगा पुढच्या आठवड्यात २३ महिन्यांचा होईल. बोलत नाही असं सरसकट म्हणता येत नाही आणि बोलतो असंही म्हणवत नाही. त्याचे शब्द मी एका वहीत लिहून ठेवते. आजपर्यंत सात झालेत : बाबांना ‘बा’, पाण्याला ‘मम’, चार पायांच्या कुठल्याही प्राण्याला ‘भू’, बाहेर जायचं असलं की ‘टा’, मग ‘दे’, ‘नाय’ आणि पंख्याला ‘फॅ’. मला अजून कसलीच हाक नाही, नुसता हात धरून ओढत नेतो. सांगितलेलं कळतं. ‘बूट आण’ म्हटलं की आणतो, पण कधी कधी दोन-तीनदा सांगावं लागतं. सासूबाई म्हणतात, लबाड आहे. पंख्याकडे, चंद्राकडे बोट करतो आणि वळून माझ्याकडे बघतो. वर्षभरात चार-पाचदा मोठी सर्दी झाली, दोनदा कान दुखला. तोंड उघडं ठेवून झोपतो.

सासूबाईंचं म्हणणं, ‘याचा बाप पण तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता गप्प बसवावं लागतं!’ नवरा म्हणतो, मी शेजारच्या मुलीशी तुलना करते. डॉक्टरांनीही ‘मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट पाहा’ असं सांगितलं. घरात दोन भाषा आहेत. मी मराठी बोलते, नवरा आणि सासूबाई त्यांची बोलतात. एकीने सुचवलं, त्यातली एक बंद करून टाक. मी घरून काम करते, तेव्हा दिवसातून तासभर तरी त्याला मोबाइलवर गाणी लावून देते, हेही इथेच कबूल करते. थांबू का? की कुणाला दाखवू? आणि इतक्या लहानपणी दाखवलं तर त्याच्यावर कायमचा शिक्का तर बसणार नाही ना?
— वहीवाली आई

उत्तर : थांबू नका. कानांची तपासणी याच महिन्यात करून घ्या आणि त्याच सुमारास स्पीच थेरपिस्टची, म्हणजे बोलण्याच्या आणि भाषेच्या अडचणींवर काम करणाऱ्या माझ्यासारख्या तज्ज्ञाची, वेळ मागून ठेवा. तुमच्यासाठी उत्तर एवढंच आहे. पुढचं सगळं तुमच्या घरातल्या बाकीच्यांसाठी लिहिते आहे, तेव्हा अंक त्यांना दिसेल असा उघडा ठेवा.

आधी त्या वहीबद्दल. अशी वही घेऊन येणारी आई मला फार आवडते, कारण ‘थोडंफार बोलतो’ या वाक्यावरून मला काहीच कळत नाही, वहीवरून कळतं. लेस्ली रेस्कोर्ला या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये नेमकं हेच केलं. ३१० शब्दांची यादी पालकांच्या हातात दिली आणि सांगितलं, मूल यातले जे शब्द आपणहून बोलतं त्यांवर खूण करा. दोन वर्षांच्या मुलाचे ५० शब्दही भरत नसतील, किंवा दोन शब्द जोडून ते काहीच म्हणत नसेल, तर त्याला उशिरा बोलणाऱ्यांत धरायचं. आम्ही आजही साधारण याच खुणेवर चालतो. उच्चार स्वच्छ हवा असं मुळीच नाही. ठरावीक गोष्टीला ठरावीक आवाज, आणि तो पुन्हा पुन्हा, एवढं असलं की शब्द झाला. तुमचा ‘फॅ’ पूर्ण मार्कांचा शब्द आहे.

एक शंका मात्र आहे. वहीत सगळे मराठीच शब्द दिसतात. सासूबाईंच्या भाषेतले लिहिलेत का? ते लिहायला त्यांनाच सांगा. दोन्ही भाषांचे शब्द मिळून मोजायचे असतात. सातचे बारा झाले तर आनंदच आहे, पण बारा म्हणजे पन्नास नव्हेत, म्हणून माझा सल्ला बदलत नाही.

आता ‘बाप पण उशिराच बोलला होता’. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की केसपेपरवर त्यासाठी वेगळा रकाना छापून घ्यावा असं कधी कधी वाटतं. आणि गंमत बघा, तसा रकाना खरोखरच असतो! घरात कुणी उशिरा बोललं होतं का, हे आम्ही मुद्दाम विचारतो, कारण तसं असेल तर मुलाच्या बाबतीतली जोखीम वाढते. सासूबाई जे निश्चिंत राहायचं कारण म्हणून सांगताहेत ते खरं तर लवकर तपासणीचं कारण आहे. मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात हेही खोटं नाही, पण तो फरक एक-दोन महिन्यांचा असतो. एक-दोन महिन्यांच्या फरकावर वर्षभराची वाट कशी पाहायची?

तरीही सासूबाईंना मी खोटं पाडत नाही. दोन वर्षांच्या दर शंभर मुलांतली दहा-पंधरा अशी मागे असतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक शाळेत जायच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. त्यांचा लेक त्यांतलाच असणार. पण तुमचा लेक कुठल्या गटातला, हे २३व्या महिन्यात त्याच्याकडे बघून ना त्यांना सांगता येईल, ना मला. तो आपोआप बोलणाऱ्यांतला निघाला, तर तुमच्या काही सकाळी आमच्याकडे चेंडू खेळण्यात गेल्या असं समजा. तसा नसला आणि आपण थांबलो, तर वर्ष गेलं. आणि बरोबरीला येणंही शंभर टक्के नसतं. त्याच रेस्कोर्लाबाईंनी अशा मुलांचा सतराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. मुलं चारचौघांसारखीच होती, कुठे नापास वगैरे नव्हती, पण शब्दसंग्रह, व्याकरण आणि ऐकलेलं लक्षात ठेवणं यांत सोबतच्या मुलांपेक्षा थोडी कमीच राहिली.

तुमच्या पत्रातल्या ज्या ओळींवर मी थांबले त्या शब्दांबद्दलच्या नाहीतच. सर्दी, दुखणारा कान, उघड्या तोंडाने झोपणं, दोन-तीनदा सांगावं लागणं. या चार गोष्टी तुम्ही तीन वेगवेगळ्या वाक्यांत लिहिल्यात. मी त्या एकाखाली एक मांडल्या आणि ‘लबाड’ या शब्दावर काट मारली.

इथे माझीच एक चूक सांगते. मी नवी नवी थेरपिस्ट होते तेव्हा अडीच वर्षांची एक मुलगी आली. आई म्हणाली, ‘ऐकू येतं हो, दार आपटलं की दचकते.’ मीही मागे उभी राहून टाळी वाजवली. ती वळली. मी कागदावर ‘श्रवण ठीक’ असं ठसठशीत लिहिलं आणि पुढचे दोन महिने तिला चित्रं दाखवत बसले. ती गोड हसायची आणि काही बोलायची नाही. शेवटी आमच्याकडच्या एका ज्येष्ठ ऑडिओलॉजिस्टनी (श्रवणतज्ज्ञांनी), मला एका शब्दानेही न बोलता, तिला आपल्या खोलीत नेलं. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं होतं. माझी टाळी तिला ऐकू येत होती. पण ‘स’, ‘फ’, ‘त’ असले हलके आवाज आणि शब्दांची टोकं तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. कानांत बोटं घालून दिवसभर घरातलं बोलणं ऐका, म्हणजे तिचं जग कळेल. शिवाय हे पाणी कमीजास्त होतं, त्यामुळे मूल एक दिवस चटकन ऐकतं आणि दुसऱ्या दिवशी ‘लक्षच देत नाही’. त्या दोन महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून कानांचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी एकही उद्दिष्ट लिहीत नाही.

म्हणून घरातल्या घरात टाळ्या, थाळ्या, किल्ल्या वाजवून बघणं याला तपासणी समजू नका. जन्मल्यावर केलेली चाचणी ‘पास’ आली होती, हेही आजच्यासाठी पुरेसं नाही, कारण हे पाणी नंतर साचतं. ऑडिओलॉजिस्टकडे टिंपॅनोमेट्री होईल : कानात मऊ बूच लावून हवेचा हलका दाब देतात आणि पडदा हलतो का ते बघतात. मिनिटभराचं काम आहे, दुखत नाही. ओएई म्हणून दुसरी चाचणी असते, तिच्यात कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाकडून येणारा प्रतिसाद टिपतात. मुलाने फक्त थोडा वेळ शांत राहायला हवं, आणि हीच अवघड बाब असते. या वयाची मुलं आवाजाच्या दिशेने वळली की बाजूचं खेळणं उजळतं, अशीही एक चाचणी आहे. ती मुलांना आवडते. एवढ्याने नीट कळलं नाही, तर झोपेत करायची बेरा आहेच, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते टिपणारी चाचणी. तोंडाने श्वास घेतो म्हणजे नाकामागची अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढली आहे का, हे कान-नाक-घशाचे (ईएनटी) डॉक्टर बघतील.

पाणी निघालंच तर घाबरू नका. पुष्कळदा ते तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर ‘तीन महिन्यांनी पुन्हा तपासू’ असं म्हणतील. ते मी बिनतक्रार मान्य करते. वाट पाहण्याला माझा विरोध नाही, तारीख न ठरवता वाट पाहण्याला आहे. आणि त्या तीन महिन्यांतही स्पीच थेरपिस्टचं काम थांबत नाही.

तिथे काय होतं याची अपेक्षा आधीच जुळवून घेतलेली बरी. एक वडील पहिल्या दिवशी बाहेर पडताना मला म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही तर नुसतं खेळलात.’ त्यांना वाटलं होतं, मी जिभेचे व्यायाम घेईन, तोंडात बघेन, ‘म्हण क’ करीन. या वयाचं काम दिसायला खेळासारखंच असतं. मूल कुठल्या गोष्टीकडे बघतं, हवं ते कसं मागतं, नाही मिळालं तर काय करतं, दुसऱ्याकडे वळून बघतं का, हे खेळताना मोजलं जातं. बाकीचा अर्धा वेळ मी आईबाबांना बघत असते. कारण आठवड्यात मूल माझ्याकडे पाऊण तास असतं आणि तुमच्याकडे उरलेला सगळा वेळ. मेगन रॉबर्ट्स आणि अ‍ॅन कायझर यांनी २०११ मध्ये अशा १८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, ज्यांत थेरपिस्टने पालकांना शिकवलं आणि पालकांनी घरी केलं. मुलांच्या भाषेला त्याचा फायदा झाल्याचं त्यातून दिसलं. तेव्हा एखादा थेरपिस्ट मुलाला आत घेऊन तुम्हाला दाराबाहेर बसवत असेल, तर ‘मला आत बसू द्या’ असा हट्ट धरा.

वेळ मिळेपर्यंत घरी काय करायचं? पहिलं काम बंद करायचं आहे. ‘म्हण. म्हण ना. पाणी म्हण. म्हटलंस तरच देईन.’ हे आजपासून बंद, सगळ्यांनी. आणि दिवसभराची तोंडी परीक्षाही बंद : हे काय आहे? हा कोण? भूभू कसा करतो? दोन वर्षांचं मूल परीक्षेला कंटाळतं आणि मग तोंड फिरवतं. त्याऐवजी जमिनीवर बसा, तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येईल असे. तो काय बघतोय ते बघा आणि त्याचंच नाव घ्या. तो ‘भू’ म्हणाला तर ‘शाब्बास, अजून बोल’ असं म्हणू नका, त्याच्या शब्दाला एक शब्द जोडा : ‘भू पळाला.’ ‘भू झोपला.’ ‘टा’ म्हणाला तर ‘बाबा टाटा’. बस. लांबलचक धावतं समालोचन नको. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून कोणी भाषा शिकत नाही. वाक्य छोटं, पण खऱ्या माणसाचं हवं.

आणि मग थांबा. हे सगळ्यांत अवघड. चेंडू हातात धरा, ‘एक... दोन...’ म्हणा आणि तीन म्हणू नका. मनात दहा मोजा. तो तुमच्याकडे बघेल, हात पुढे करेल, काहीतरी आवाज काढेल. कशालाही उत्तर समजा आणि चेंडू सोडा. आम्हा मोठ्यांना शांतता सोसत नाही; दोन सेकंदांत आपण मुलाचंही वाक्य स्वतःच बोलून टाकतो. त्याच्या आवडीच्या दोन-तीन वस्तू दिसतील अशा, पण घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा, म्हणजे त्याला तुमच्याकडे यायला निमित्त मिळेल. हातवारे करत असेल तर करू द्या, तुम्हीही करा. खुणांनी बोलणं अडतं ही भीती निराधार आहे. खूण ही शब्दाची थोरली बहीण आहे, आधी तीच येते.

भाषा कुठलीही बंद करायची नाही. दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही, आणि आजीची भाषा काढून घेतली तर घरातलं बोलणारं एक माणूस त्याच्यापुरतं वजा होईल. ज्याला जी मनापासून येते ती त्याने बोलावी.

मोबाइलबद्दल तुम्ही कबुलीजबाब दिलात, म्हणून रागावत नाही. त्या गाण्यांमुळे त्याचं बोलणं अडलं, असं मी म्हणणार नाही. पण गाण्यांनी बोलणं येत नाही, हे नक्की. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेचे आवाज वेगळे ओळखता आले. तेच बोलणं पडद्यावरून ऐकलेल्यांना काहीही आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, आणि कमी तर अधिक चांगलं. तुमच्या कामाच्या वेळात तो तास आजीने घेतला तर? त्यांच्याकडे शब्दही आहेत आणि वेळही. ‘लबाड’ म्हणणाऱ्या आज्या बहुधा खेळायला उत्तम असतात.

राहिला शिक्का. स्पीच थेरपिस्टला भेटायला निदानाचं नाव लागत नाही, आणि पहिल्या भेटीत मी ते देतही नाही. उशीर आहे, एवढं काम सुरू करायला पुरतं. तुमच्या मनात असलेला आणि तुम्ही न लिहिलेला शब्द स्वमग्नता (ऑटिझम) हा असावा. पंख्याकडे बोट करून तो वळून तुमच्याकडे बघतो, ‘तू पण बघ’ म्हणतो, ही फार चांगली खूण आहे. सांगितलेलं कळतं, हीसुद्धा. पण नुसत्या पत्रावरून मी कुठलीच शक्यता पुसून टाकत नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी स्वमग्नतेची शक्यता तपासणारी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाळणी असते, ती भरून घ्यायला सांगा. ती चाळणी आहे, निकाल नव्हे.

आणि मुलाला आधी आलेले शब्द जायला लागले, हाक मारल्यावर बघणं कमी झालं, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. हे कुठल्याही वयाच्या मुलाबाबत.

प्रश्न : माझी नात अडीच वर्षांची. शंभरपर्यंत आकडे म्हणते, मोबाइलवरच्या जाहिरातीच्या जाहिराती म्हणते, तेही इंग्रजीत. पण तहान लागली तर पाणी मागत नाही, रडते. ‘तुला पाणी हवं का?’ विचारलं की ‘तुला पाणी हवं का’ असंच म्हणते. मुलगा-सून तिच्या पाठांतरावर खूश आहेत. मी काही बोललो तर त्यांना राग येतो. माझी काळजी अनाठायी आहे का?
— एक आजोबा

उत्तर : नाही आजोबा, तुमचं निरीक्षण अचूक आहे. ती किती शब्द म्हणते यापेक्षा ते कशासाठी वापरते, हे महत्त्वाचं. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं हा भाषा शिकण्याचा एक रस्ताही असतो, त्यामुळे तिला त्याबद्दल कुणी दटावू नये. पण मागणं, दाखवणं, नकार देणं, हाक मारणं या कामांसाठी बोलणं वापरलं जात नसेल, तर बालविकासातल्या तज्ज्ञ डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टला लवकर दाखवायला हवं. आधी कान, अर्थातच.

तोवर प्रश्न विचारणं कमी करा. ती तुमचंच वाक्य उचलणार आहे ना, मग तिला तिच्या तोंडी शोभेल असं वाक्य द्या. तिला तहान लागलेली दिसली की पेला हातात देताना तिच्या वतीने म्हणा, ‘पाणी दे.’

मुलगा-सुनेशी वाद घालू नका. तिच्या पाठांतराचे व्हिडिओ त्यांच्याकडे भरपूर असतील. तुम्ही एक वेगळा काढा : तिला काहीतरी हवं आहे आणि ती ते मिळवायला काय करते, अशी दोन-तीन मिनिटं. त्यात आपण बोलायचं नाही, मदत करायची नाही, फोन फक्त स्थिर धरायचा. तो त्यांना न बोलता दाखवा, आणि तज्ज्ञांकडे जाल तेव्हाही बरोबर न्या. आमच्या खोलीत मुलं बुजतात, घरच्यासारखी वागत नाहीत.